डेकवरच्या हॅचमधून पाणी येतंय? आधी ते कुठे मुरतंय ते शोधा

शिडाच्या बोटीवर पुढच्या केबिनमध्ये झोपलेल्या माणसाच्या कपाळावर रात्री एक थेंब पडतो. वर बघितलं तर डेकवरची हॅच, म्हणजे छतात बसवलेली उघडझाप करणारी झडप. सकाळी सिलिकॉनची ट्यूब येते, काचेच्या कडेने एक जाड रेघ ओढली जाते आणि काम झालं असं वाटतं. पुढच्या पावसात थेंब पुन्हा त्याच जागी. मग दुसरी रेघ, तिसरी रेघ. दोन वर्षांनी हॅचभोवती सिलिकॉनचे पापुद्रे साचलेले असतात, थेंब तसाच असतो आणि एव्हाना डेकवर पाय ठेवला की तो किंचित दबतो.

या दबण्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. तडकलेली काच बदलणं हे दोन दिवसांचं काम आहे. डेक आतून कुजला तर तो पूर्ववत करायला अख्खा हंगाम जातो. म्हणून हॅचची दुरुस्ती ट्यूबपासून सुरू करू नये. हॅच कशी बनलेली असते, हे आधी समजून घ्यावं.

एक झडप, तीन सांधे

आजच्या बहुतेक हॅचना ॲल्युमिनियमच्या दोन चौकटी असतात. खालची चौकट डेकला पक्की बसवलेली असते आणि वरची बिजागरीवर उघडते. वरच्या चौकटीत पारदर्शक किंवा धुरकट पत्रा बसवलेला असतो. आपण त्याला सवयीने काच म्हणतो, पण असतं ते प्लास्टिक, बहुधा ॲक्रिलिक. दोन चौकटींच्या मध्ये रबरी पट्टी असते आणि हँडल फिरवलं की झडप त्या पट्टीवर दाबून बसते.

म्हणजे पाणी आत शिरायला तीन वाटा आहेत. काच आणि चौकट यांच्यामधला सांधा ही पहिली, झडप आणि खालची चौकट यांच्यामधली रबरी पट्टी ही दुसरी आणि खालची चौकट आणि डेक यांच्यामधला सांधा ही तिसरी. काचेला आरपार भोक पाडून हँडल बसवलं असेल, तर ते भोक चौथी वाट. तिन्ही सांध्यांचा स्वभाव वेगळा, औषध वेगळं. पट्टी दमली असेल तर काचेभोवती कितीही सिलिकॉन भरा, त्याचा उपयोग शून्य.

काचेवर जाळी का पडते?

पाच-दहा वर्षं उन्हात राहिलेल्या हॅचकडे तिरक्या नजरेने बघा. आत बारीक रुपेरी चिरांचं जाळं दिसतं, कोळ्याने पृष्ठभागाखाली विणल्यासारखं. ओरखडा वर असतो, तो पॉलिश करून जातो. ही जाळी खोल गेलेली असते. वरचा थर घासून काढला तरी खाली ती असतेच आणि काच पातळ होते ते वेगळंच.

जाळी पडायला तीन गोष्टी कारण होतात आणि त्या एकमेकींना हात देतात. पहिली, ऊन. दुसरी, काचेवर कायम असलेला ताण: चौकट वाकडी बसली, स्क्रू जास्त आवळला, कोणी रोज त्यावर पाय देऊन उतरलं. तिसरी, रसायनं. ॲसिटोन, थिनर किंवा अमोनिया असलेला काचा पुसायचा फवारा ॲक्रिलिकला बाधतो. ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकवर ॲसिटोनचा बोळा फिरवला तर चिरा डोळ्यांदेखत उमटू शकतात. खरी काच ज्याने चकचकीत होते, त्यानेच ही 'काच' मरते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, एवढंच तिला लागतं.

बारीक जाळी पडलेली काच लगेच फुटत नाही. पण प्रत्येक चीर म्हणजे तडा जायला तयार असलेली जागा. जाळी हँडलच्या भोकापासून किंवा कोपऱ्यापासून निघून काचेच्या मध्याकडे सरकताना दिसली, तर मी ती काच घेऊन खुल्या समुद्रात जाणार नाही.

मग पॉलीकार्बोनेटच का लावू नये? ते तर फुटत नाही

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यात तथ्य आहे. हातोड्याच्या घावाला पॉलीकार्बोनेट, म्हणजे दुसरं एक पारदर्शक प्लास्टिक, ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी पटीने टिकाव धरतं. पण ते मऊ आहे, म्हणून बुटाखालच्या वाळूनेही ओरखडतं. त्यावर संरक्षक थर नसेल तर उन्हात पिवळं पडतं. शिवाय ते जास्त वाकतं. वरून पाण्याचा भार आला की पत्रा खोलगट होतो, कडा उचलल्या जातात आणि चिकटवलेला सांधा सुटायला लागतो. म्हणून मूळ हॅच ॲक्रिलिकची असेल तर ॲक्रिलिकच लावा, तेही साच्यात ओतून बनवलेलं, ज्याला बाजारात 'कास्ट' म्हणतात. दाबाने पुढे ढकलून काढलेला स्वस्त पत्रा दिसायला तसाच असतो, पण त्यावर जाळी लवकर पडते आणि कापताना तो वितळून करवतीला चिकटतो. जाडी जुन्या काचेएवढीच हवी, कमी अजिबात नको.

एका मिलिमीटरची गोष्ट

या सगळ्या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन. तापल्यावर ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट पसरतं.

हिशोब करून बघू. काच ५०० मिलिमीटर लांब आहे. पहाटे ती १५ अंशांवर असते आणि दुपारी उन्हात ५५ अंशांवर जाते. धुरकट काच तर याहूनही तापते. या ४० अंशांच्या फरकात ॲक्रिलिक सुमारे १.४ मिलिमीटर पसरतं आणि तेवढीच लांब ॲल्युमिनियमची चौकट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी. फरक उरतो जवळपास एक मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक टोकाला अर्धा. रोज सकाळी पुढे, रोज रात्री मागे.

एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण आता मधला सांधा भरणाऱ्या चिकट पदार्थाचा, म्हणजे सीलंटचा, विचार करा. काच चौकटीवर दाबून बसवली आणि मध्ये अर्धा मिलिमीटरच सीलंट उरलं, तर ते स्वतःच्या जाडीएवढं रोज ओढलं जातं. शंभर टक्के ताण. तेच सीलंट तीन मिलिमीटर जाड असेल तर ओढ सोळा-सतरा टक्क्यांवर येते. पदार्थ तोच, ट्यूब तीच, फरक फक्त जाडीचा. बोटभर जाड रबर सहज हलतं-वळतं आणि रंगाचा पापुद्रा तेवढ्याच हालचालीला तडकतो, तसंच हे.

रेल्वेच्या रुळांत पूर्वी फट का ठेवत, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. हॅचच्या काचेलाही तशीच फट लागते, चारही बाजूंनी. आपला हात मात्र उलट वागतो. काच चौकटीत अगदी चपखल बसली की कारागिराला समाधान वाटतं आणि क्लॅम्प लावून ती करकचून दाबली की काम पक्कं झालं असं वाटतं. त्या दाबाने सीलंट सगळं बाहेर येतं, सांधा उपाशी राहतो. पहिल्या उन्हाळ्यात तो सुटतो आणि दोष ट्यूबच्या माथी जातो. खरं तर काच चौकटीत पक्की आवळायची नसते. तिला रबराच्या गादीवर तरंगत ठेवायचं असतं.

आधी वाट शोधा

थेंब जिथे पडतो तिथेच पाणी शिरतं असं नाही. डेक आणि आतलं छत यांच्यामध्ये पोकळी असते. पाणी एखाद्या खांबाच्या बुडातून किंवा रेलिंगच्या बोल्टमधून शिरतं, उताराने वाहत येतं आणि हॅचचं भोक ही पहिली मोकळी जागा मिळाली की तिथे टपकतं. म्हणून चाचणीआधी हॅचभोवतीची आतली सजावटी पट्टी काढून घ्या.

दोन माणसं लागतात. एकजण आत टॉर्च आणि कोरडे टिश्यू पेपर घेऊन, दुसरा वर पाण्याचा पाइप घेऊन. पाणी हळू सोडायचं, फवाऱ्याच्या जोराने नाही, आणि खालून वर जायचं. आधी फक्त चौकट आणि डेक यांचा सांधा दहा मिनिटं भिजवायचा. आत कोरडं राहिलं तर मग रबरी पट्टीची फट, मग काचेची कड, शेवटी हँडल. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळे सांधे एकदम भिजतात आणि काहीच कळत नाही. इथे घाई करू नका. हा एक तास पुढचे कित्येक दिवस वाचवतो.

पाऊस नाही, लाट नाही, तरी पहाटे चौकटीला थेंब दिसतात? मग ती गळती नसेलही. थंड ॲल्युमिनियमवर श्वासातली वाफ जमते. त्याला उपाय हवा खेळती ठेवण्याचा आहे.

रबरी पट्टीची वेगळी परीक्षा घेता येते. कागदाची पट्टी मध्ये ठेवून झडप बंद करा आणि कागद ओढा. चांगल्या जागी तो अडतो, दमलेल्या जागी सरकन निघतो. कुकरची रिंग जुनी झाली की कडक, चपटी होते आणि कडेने वाफ जाते, तसंच या पट्टीचं. हँडल महिनोन्महिने पूर्ण जोर लावून बंद ठेवलं तर ती लवकर चपटते, म्हणून बोट बंदरात कडीकुलपात उभी असताना तेवढं आवळू नये. नवी पट्टी खाचेत बसवताना ताणायची नाही, उलट किंचित जास्त लांब ठेवून दाबत बसवायची, कारण ताणलेलं रबर आखडतं आणि जोडावर फट पडते. जोड बिजागरीच्या बाजूला ठेवा.

डेकच्या पोटात काय चालतं?

फायबरग्लासचा डेक बहुधा भरीव नसतो. वर-खाली फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा फोम. याला गाभा म्हणू. खोक्याचा पुठ्ठा आठवा. दोन कागदांच्या मध्ये नळीदार कागद असतो, म्हणून पुठ्ठा इतका हलका असूनही ताठ राहतो. तोच पुठ्ठा भिजला की कागद तेवढेच राहतात, पण ताठपणा जातो. डेकचंही असंच होतं.

हॅचसाठी डेकला भोक पाडलं की गाभ्याची कड उघडी पडते. चौकटीचा सांधा सुटला, एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी गेलं, तर ते थेट गाभ्यात जातं. बाहेर एक थेंबही न दिसता. आपल्याकडे 'कुठेतरी पाणी मुरतंय' म्हणतात ते इथे शब्दशः लागू होतं. केबिनमध्ये पडणारा थेंब निदान चुगली तरी करतो, मुरणारा थेंब गप्प असतो.

स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने हॅचभोवती ठोकून बघा. कोरडा डेक टणटणीत वाजतो, कुजलेला भद्द. भद्द आवाज हातभर पसरला असेल तर वरचा थर कापून गाभा बदलावा लागेल आणि ते वेगळंच मोठं काम आहे. चौकट काढल्यावर कड नुसती उघडी दिसली, पण कोरडी असली, तर भाग्यवान समजा आणि ती कायमची बंद करा. दोन थरांच्या मधला गाभा एक-दोन सेंटिमीटर खरवडून काढायचा आणि त्या खाचेत भुकटी घालून घट्ट केलेलं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद, भरायचं. स्क्रूची भोकंही मोठी करून इपॉक्सीने भरायची आणि मग त्या भरावात नव्याने भोक पाडायचं. पुढे कधी सांधा सुटला तरी पाणी केबिनमध्ये येईल, गाभ्यात जाणार नाही.

काच बदलायची की अख्खी हॅच?

माझा कौल बहुतेक वेळा काचेच्या बाजूने असतो. चौकट सरळ असेल, पट्टी बसते ती जागा गुळगुळीत असेल आणि बिजागऱ्या शाबूत असतील, तर नव्या काचेने आणि नव्या पट्टीने जुनी हॅच पुन्हा अनेक वर्षं चालते. ते मॉडेल बनायचं बंद झालं असलं तरी काच कोणत्याही चांगल्या ॲक्रिलिकमधून कापून घेता येते. चौकट पिळली असेल, बिजागरीचा कान तुटला असेल किंवा स्टीलच्या स्क्रूभोवती ॲल्युमिनियम पांढरं पीठ होऊन झडत असेल, तर मात्र नवी घ्या. हे पीठ म्हणजे दोन वेगळे धातू खारट पाण्यात एकत्र आल्याचा परिणाम. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियमच. नवे स्क्रू लावताना मध्ये अडथळा करणारी पेस्ट लावतात ती याचसाठी.

नवी हॅच घेताना बाहेरच्या मापावर जाऊ नका. डेकमधल्या भोकाचं माप आणि कोपऱ्याची गोलाई बघा. भोक थोडं मोठं करता येतं, लहान करणं महाकठीण. ही हॅच आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट असेल तर माप वाटेल तसं घटवू नका. छोट्या बोटींच्या अग्निसुरक्षेचं आयएसओ ९०९४ हे मानक अशी वाट गोल असेल तर किमान ४५० मिलिमीटर व्यासाची मागतं, इतर आकाराची असेल तर कुठूनही किमान ३८० मिलिमीटर आणि एकूण ०.१८ चौरस मीटर.

आणखी एक. डेक कमानीसारखा फुगीर असतो, चौकट सपाट असते. फुगीर जागेवर सपाट चौकट स्क्रूने ओढून बसवली की ती पिळते, तिच्यातली काच जन्मभर ताणाखाली राहते आणि आपण मघाशी बघितलेली जाळी सुरू होते. खाली सपाट बैठक आधी बांधून घ्या, मगच स्क्रू.

काच बसवताना

झडप बिजागरीवरून काढून टेबलावर आणा. जुनी काच पातळ पात्याने कडेने कापत सोडवा, सपाट पट्टीने उचकटू नका. ॲल्युमिनियम वाकायला फार जोर लागत नाही. मग सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: जुन्या सीलंटचा कण न् कण काढणं. जुन्या सिलिकॉनच्या पुसटशा थरावरही दुसरा पदार्थ धरत नाही.

नव्या काचेचं माप चौकटीवरून घ्या, जुन्या काचेवरून नाही. जुनी आधीच चुकीची कापलेली असू शकते. सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर फट राहील अशी कापा, कडा घासून गुळगुळीत करा, कारण कडेवरचा टवका म्हणजे उद्याचा तडा. संरक्षक कागद फक्त कडेपुरता सोलायचा. हँडलसाठी भोक असेल तर ते बोल्टपेक्षा मोठं ठेवा आणि मध्ये रबरी वॉशर घाला. चौकटीत तीन मिलिमीटर जाडीचे रबराचे छोटे तुकडे ठेवा म्हणजे काच दाबली तरी सीलंट तेवढं जाड राहील. सांधा तळापासून भरत या, काच हळूच टेकवा, सगळीकडून थोडं सीलंट वर आलं की हात थांबवा.

'सिलिकॉन वापरू नका' असं सगळे सांगतात, त्याचं काय?

ते एका सिलिकॉनबद्दल खरं आहे. बाथरूमच्या ट्यूबला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण सुकताना ती ॲसेटिक ॲसिड सोडते आणि ते ॲल्युमिनियमला खातं. इमारतींच्या बाहेरच्या काचा धरून ठेवणारं, आम्ल न सोडणारं स्ट्रक्चरल सिलिकॉन वेगळं. ते उन्हाला दाद देत नाही. हा मुद्दा मोठा आहे, कारण पारदर्शक काचेतून ऊन थेट सांध्यावर पडतं. पॉलीयुरेथेनचे काही प्रकारही चालतात, पण त्यांना बनवणाऱ्याने सांगितलेला प्रायमर लागतोच आणि सांधा उन्हापासून झाकावा लागतो. पॉलीसल्फाइड हे तिसऱ्या प्रकारचं सीलंट मात्र ॲक्रिलिकजवळ आणूच नका, ते काचेला चिरा पाडतं. चौकट आणि डेक यांच्यामध्ये ते चालतं. तिथे ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, हीही उत्तम, कारण ती कडक होत नाही आणि पुन्हा उघडायची वेळ आली तर सोडते.

एवढ्याशा खिडकीसाठी इतका खटाटोप?

अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद हॅच घ्या. तिच्यावर एक मीटर उंच पाणी नुसतं उभं राहिलं तरी भार होतो सुमारे २५० किलो. कोसळणारी लाट तर आपटते. काच फुटली तर त्याच भोकातून सेकंदाला सहाशे लिटरच्या आसपास पाणी आत येऊ शकतं. खुल्या समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांत म्हणूनच लिहिलं आहे, की हॅच लगेच घट्ट बंद करता यावी आणि बोट पूर्ण उलटी झाली तरी ती बंदच राहावी.

समुद्रात असताना फुटली तर

प्लायवूडची एक फळी, भोकापेक्षा सगळीकडून चार बोटं मोठी. खालच्या बाजूला कडेने रबर चिकटवलेलं. मधोमध एक लांब बोल्ट आणि आतून भोकाच्या आरपार टेकेल असा लाकडाचा आडवा दांडा. फळी वरून, दांडा आतून, नट आवळला की भोक बंद. वादळात हे मापून कापायला कोणाला जमत नाही, म्हणून ती आधीच तयार हवी.

तिचं माप घ्यायचा दिवस तोच, ज्या दिवशी झडप काढून टेबलावर आणलेली असते आणि डेकवरचं भोक उघडं असतं. सीलंटला पूर्ण ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, ट्यूबवर लिहिलेली मुदत पाळावी आणि तोवर झडप हलवू नये. तेवढे दिवस पाऊस आत येऊ नये म्हणून भोकावर काहीतरी झाकायचं असतंच. ही फळीच झाका. ती गळते का, हेही तेवढ्यात कळेल.